तारखेवरून वार सांगणारं लेकरू आणि शर्टाची गुंडी

पत्र: आमचं गाव वसमत तालुक्यात. मुलगा दहा वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. पाच वर्षांचा होईपर्यंत लेकरू धड बोलत नव्हतं, पण भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर तासन्‌तास उभं राहायचं. आता कोणतीही तारीख विचारा, वार लगेच सांगतो. स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ. पण शर्टाची गुंडी लावता येत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून कोपऱ्यात बसतो, वर्गात कोणाशी खेळत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला, दिव्यांग प्रमाणपत्र काढा म्हणाले. ह्याचे वडील म्हणतात, एवढं डोकं असलेल्या लेकराला दाखला कशाला? सासूबाई म्हणतात, देवाचं देणं आहे, बोलायचे उपचार केले तर निघून जाईल. मागच्या मुक्तिसंग्राम दिनाला गुरुजींनी त्याला स्टेजवर उभं केलं. अकरा तारखा बरोबर सांगितल्या, बाराव्या वेळी स्वतःचा हात चावला, रक्त निघालं. तरी रोज कोणी ना कोणी परीक्षा घ्यायला घरी येतंच. एक क्लासवाले म्हणतात, वर्षाला चाळीस हजार भरा, गणितात नाव काढील. आम्ही काय करावं?
– एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या अकरा तारखा नाहीत, बारावी आहे. लेकराला ‘बास झालं’ हे शब्दांत सांगता आलं नाही, म्हणून त्यानं हातानं सांगितलं. त्यामुळे पहिलं काम आजच करायचं: घरी येणाऱ्यांची परीक्षा बंद. पाहुण्याला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं, ठाऊक आहे. म्हणून हे वाक्य त्याच्या वडिलांनी बोलावं, आणि रोज तेच बोलावं: ‘आता त्याची खेळायची वेळ आहे, चहा घ्या.’ तो आपणहून कोणाला वार सांगत असेल तर सांगू द्या, कौतुक करा. विचारणारे आपण नसावं, एवढंच.

आता ही देणगी काय आहे ते. असं कौशल्य खरं असतं, त्याला सॅव्हंट कौशल्य म्हणतात. म्हणजे बाकीच्या बाबतीत मागे असलेल्या माणसाकडे एखाद्या अरुंद क्षेत्रात थक्क करणारी ताकद असणं. लंडनचे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८८७ मध्ये व्याख्यानांतून अशा माणसांचं वर्णन केलं. तेव्हापासून आजपर्यंत तीच चार-पाच क्षेत्रं पुन्हा पुन्हा दिसतात: तारीख-वार, झटपट आकडेमोड, संगीत, चित्र, आणि जागा-यंत्रांची जाण. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डॅरॉल्ड ट्रेफर्ट यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. त्यांनी याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत वेळापत्रकं, गाड्यांचे नंबर, याद्या पाठ असतात. दुसरीत कौशल्य त्या व्यक्तीच्या बाकीच्या क्षमतेच्या मानानं ठळक असतं. तिसरी पायरी इतकी विलक्षण की कोणाहीमध्ये ती आश्चर्याचीच ठरली असती, आणि अशी माणसं जगात फार थोडी. तुमचा मुलगा कोणत्या पायरीवर आहे हे पत्रावरून ठरवता येणार नाही, आणि खरं तर त्यानं तुमच्या रोजच्या दिवसात काहीही बदलणार नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करू. ऑटिझम म्हटलं की अशी अचाट शक्ती असतेच, असं लोकांना वाटतं. तसं नाही. ब्रिटनमधल्या पॅट्रिशिया हाउलिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १३७ स्वमग्न व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सॅव्हंट कौशल्य किंवा एखादी असाधारण बौद्धिक क्षमता असलेले ३९ निघाले, म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांत तसं काही नव्हतं. तुमच्या ओळखीत ऑटिझम असलेलं दुसरं लेकरू असेल, तर त्याच्या आईला ‘ह्याला काय येतं?’ असं विचारू नका. आणि उलटही खरं: प्रत्येक सॅव्हंट स्वमग्न नसतो. अमेरिकेतला किम पीक हजारो पुस्तकं तोंडपाठ सांगायचा, १९८८ च्या एका गाजलेल्या अमेरिकी सिनेमाची कल्पना त्याच्यावरून सुचली, पण त्याला ऑटिझम नव्हता. त्याच्या मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पट्टा जन्मापासून नव्हता.

तारखेचं कोडं उलगडलं की सासूबाईंची भीती निम्मी कमी होईल, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

कोणत्याही एका वर्षात ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर यांचा वार एकच असतो. ९ मे, ११ जुलै, ५ सप्टेंबर आणि ७ नोव्हेंबर यांचाही तोच वार. भिंतीवरचं कॅलेंडर उघडून बघा, २०२६ मध्ये हे सगळे शनिवार आहेत. १९४८ साली हा वार रविवार होता. म्हणजे ५ सप्टेंबर रविवार, १२ सप्टेंबर रविवार, आणि हैदराबाद संस्थान मुक्त झालं तो १७ सप्टेंबर १९४८ शुक्रवार. झालं गणित! ३६५ दिवसांत ५२ आठवडे जाऊन एक दिवस उरतो, म्हणून पुढच्या वर्षी वार एकानं सरकतो. मधे २९ फेब्रुवारी आली तर दोननं. कॅलेंडरचे साचे एकूण १४ च आहेत, आणि १९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी तेच साचे त्याच क्रमानं फिरून येतात. १९४८ चं कॅलेंडर १९७६ ला जसंच्या तसं आलं, २००४ ला पुन्हा आलं.

तुमच्या मुलाला हे नियम कोणी शिकवले नाहीत, आणि विचारलं तर त्याला ते सांगताही येणार नाहीत. पण हजारो तास कॅलेंडर बघून ते त्याच्या डोक्यात उतरलेत. लंडनमध्ये बीआटे हर्मेलिन आणि नील ओकॉनर यांनी अशा व्यक्तींवर प्रयोग केले. नुसती पाठांतराची ताकद नाही, ही माणसं कॅलेंडरच्या आतली नियमितता वापरतात, असं त्यांना दिसलं. हे घडतं कसं याला एकच उत्तर नाही, पण दोन गोष्टी जवळजवळ सगळे अभ्यासक मान्य करतात. ऑटिझममध्ये नजर आधी तपशिलावर जाते आणि एकूण चित्र नंतर येतं. आणि जे आवडलं त्याचा सराव थकवा न येता, रोज, वर्षानुवर्षं चालतो. देणगी आहेच, पण तिच्यामागे त्या लेकराची मेहनतही आहे. भिंतीसमोर तो रिकामा उभा नव्हता.

कोणी म्हणेल, ‘मग तिथी सांग की.’ ती येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षाशी मेळ घालायला अधिक महिना येतो, तिथीचा क्षयही होतो, वृद्धीही होते. साधारण १९ वर्षांनी तिथी त्याच तारखेच्या आसपास परत येते (अधिक श्रावण २००४ ला होता, मग २०२३ ला), पण ते वारासारखं काटेकोर नाही. ते वेगळं काम आहे.

उपचारानं हे निघून जाईल का? ही भीती आली कुठून तेही सांगायला हवं, कारण ती अगदीच हवेतली नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला नादिया नावाची मुलगी होती. साडेतीन वर्षांची असताना, बोलता येत नसताना, ती दौडणारे घोडे मोठ्या चित्रकारासारखे काढायची. लोर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढे भाषा आली आणि चित्रं ओसरली. तेव्हापासून ‘भाषा आली की कला जाते’ असं बोललं जातं. पण त्याच सुमारास तिची आईही गेली होती, आणि एका लेकरावरून नियम बनत नाही. दुसरीकडे लंडनचा स्टीफन विल्टशायर बघा. लहानपणी मुका, शाळेत बोलायला लावलं तेव्हा ‘कागद’ हा त्याचा पहिला शब्द. नऊ वर्षांपर्यंत तो नीट बोलू लागला, पुढे कलाशाळेत शिकला, आणि हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघून ते आठवणीनं काढण्याची ताकद तशीच राहिली. ट्रेफर्ट यांचा अनुभवही हाच: कौशल्याला वाव देत भाषा आणि रोजची कामं शिकवली तर कौशल्य टिकतं, आणि तेच बाकीच्या शिकण्याची वाट होतं. सासूबाईंना सांगा, देणं देवाचं असो की मेंदूचं, गुंडी लावायला शिकल्यानं ते जात नाही.

तर आता गुंडी. हे उलट्या क्रमानं शिकवायचं, म्हणजे शेवटची पायरी आधी. शर्ट अंगात नको, आधी टेबलावर किंवा उशीवर घालून ठेवा. गुंडी मोठी घ्या, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि काज किंचित सैल करून घ्या. कामाचे तुकडे असे: काज एका हातानं धरणं, गुंडीची कड काजात घालणं, पलीकडून कड चिमटीत पकडणं, ओढून घेणं. पहिले तीन तुम्ही करा, फक्त ओढणं त्याचं. ते सलग तीन दिवस मदतीशिवाय जमलं की चिमटीत पकडणंही त्याच्याकडे द्या. मग कड घालणं. शेवटी काज धरणं. टेबलावर जमलं की अंगावरच्या शर्टाची सगळ्यात खालची गुंडी, कारण ती डोळ्यांना दिसते. गळ्याची सगळ्यात शेवटी. दिवसाला पाच मिनिटं पुरे.

हे फसतं कुठे? सकाळी शाळेच्या घाईत शिकवायला बसलं की. आज आईनं एका पद्धतीनं, उद्या आजीनं दुसऱ्या पद्धतीनं शिकवलं की. आणि सर्वांत जास्त, तोंडानं फार बोललं की: ‘अरे असं नाही, तसं धर, बघ ना, लक्ष कुठंय.’ त्याच्यासाठी ही पाच वाक्यं म्हणजे पाच वेगळी कामं. मागे बसा, तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवा, आणि गप्प राहा. काम झालं की लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी, म्हणजे अर्थात कॅलेंडर. मागच्या वर्षांची जुनी कॅलेंडरं रद्दीत देऊ नका.

कुकरचा त्रास खोटा नाही, लाड नाही. काही स्वमग्न मुलांना अचानक येणारा मोठा आवाज खरोखर दुखतो. इथे त्याची आकड्यांची आवडच कामाला लावा. पाटीवर ‘३ शिट्ट्या’ लिहा, त्याला अंगणात किंवा दूरच्या खोलीत बसवा, प्रत्येक शिट्टीला त्यानं एक आकडा पुसायचा. शेवट कधी होणार हे कळलं की भीती बरीच कमी होते. कारखान्यात कामगार घालतात तसे कानावरचे मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. वरातीच्या डीजेला, गणपतीच्या मिरवणुकीला ते जवळ ठेवा. दिवसभर मात्र घालून ठेवू नका, कान साध्या आवाजालाही हळवे होतात. आणि सवय व्हावी म्हणून कुकरजवळ ओढत नेऊ नका, त्यानं भीती पक्की होते.

हात चावण्याबद्दल एक वही करा, तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवड्यांत ठरावीक गोष्टी दिसू लागतात: गर्दी, एकापाठोपाठ प्रश्न, भूक, अंगाला टोचणारी शर्टाची पट्टी. बहुतेक मुलं आधी खूण देतात, येरझाऱ्या घालणं, तेच शब्द पुन्हा म्हणणं. त्या खुणेलाच त्याला बाजूला न्या. एका पुठ्ठ्यावर ‘बास’ लिहून ते कार्ड त्याच्या खिशात द्या, आणि त्यानं ते दाखवलं की त्या क्षणी थांबा. पहिल्या दहा वेळा थांबला नाहीत तर कार्ड निरुपयोगी झालं समजा. जखम साबण-पाण्यानं धुवा. चावणं वाढत गेलं, किंवा मधेच डोळे एका जागी थिजून भान हरपल्यासारखं झालं, तर डॉक्टरांकडे लवकर जा. ऑटिझमबरोबर फिट्सचा आजारही असू शकतो.

आता दाखल्याचं. त्याच्या वडिलांना हे आवर्जून वाचून दाखवा. भारतात ऑटिझमचं प्रमाण ठरवायला ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, ७० पासून पुढे आहे. या ४० पैकी शेवटचा, चाळिसावा मुद्दा कोणता? सॅव्हंट क्षमता आहे का, हा! त्याच्या आधीचा मुद्दा असाधारण स्मरणशक्तीचा. म्हणजे तारखा सांगणं हे दाखल्याच्या विरोधातलं कारण नाही. मोजपट्टीच ते लक्षणांमध्ये धरते. तपासणीच्या दिवशी ते लपवू नका, आणि मुलगा तारखा सांगतो म्हणून गुंडी, शिट्टी, खेळ या अडचणी सांगायच्या राहू देऊ नका. जाताना वही घेऊन जा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त प्रमाण आलं की ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, तोही तुम्ही निवडाल त्या जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत. दहावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जास्त वेळ मिळतो, तोही दाखल्यावरच. अर्ज सरकारच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर करायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणीसाठी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजनाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. शाळेसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा.

क्लासचे चाळीस हजार देऊ नका. तारीख-वार येणं आणि गणित येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात ५० रुपये देऊन ३५ चा साबण घेतला तर परत किती, हे त्याला जमतं का ते बघा. नसेल जमत तर तिथून सुरुवात, आणि तारखेचा हात धरून. ‘आज बुधवार. १०० दिवसांनी कोणता वार?’ तो सांगेल शुक्रवार. मग पाटीवर मांडून दाखवा: १०० मध्ये सात चौदा वेळा, उरले २. बाकी म्हणजे काय, ते त्याला आधीच ठाऊक आहे. फक्त त्याचं नाव आणि मांडणी नवी. भागाकार बसला की मग पैसे. दोन्ही एकदम नको. मेंदू जागवतो, डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे वर्ग आणि ऑटिझमवर स्टेमसेल उपचार विकणारे दवाखाने, या दोघांकडेही फिरकू नका. स्टेमसेलबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच स्पष्ट सांगितलंय की ऑटिझमसाठी तो उपचार शिफारस करण्याजोगा नाही.

वडील कंडक्टर आहेत, हे या लेकराचं मोठं भाग्य. गाड्यांच्या वेळा त्याला पाठ आहेतच, आता त्या जगण्याला जोडा. सुट्टीच्या दिवशी, गर्दी नसलेल्या गाडीनं, एकच छोटा प्रवास: फलकावर गाडी शोधणं, रांगेत उभं राहणं, कंडक्टरला गावाचं नाव सांगून ‘एक हाफ’ म्हणणं, पैसे देणं, तिकीट आणि सुटे घेऊन खिशात ठेवणं. पहिल्या फेऱ्यांत यातली एकच गोष्ट त्याची, बाकीच्या तुमच्या. एक गोष्ट नक्की बिघडणार: गाडी उशिरा येणार, आणि वेळापत्रकावर विश्वास असलेल्या लेकराला ते सहन होणार नाही. म्हणून निघण्याआधीच एका कार्डावर ‘उशीर’ लिहून ते वेळांच्या कागदाच्या शेजारी ठेवा. उशीर झाला की तो कार्ड उचलेल, घड्याळ बघून किती मिनिटं ते मांडेल. उशीरही यादीतलीच एक नोंद झाली की त्याला पेलतो.

त्याचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायचा आग्रह कोणी करत असेल तर नाही म्हणा. त्याला विचारलेलं नाही, आणि पंधराव्या वर्षी त्याला ते आवडेल याची खात्री तुम्हाला देता येणार नाही.

गुरुजींवर रागावू नका, त्यांनी कौतुकानंच केलं असणार. पण पुढच्या १७ सप्टेंबरच्या आधी त्यांना भेटा. स्टेजऐवजी त्याला वर्गातलं काम द्या म्हणा: रोज परिपाठाच्या आधी, वर्ग भरायच्या पाच मिनिटं अगोदर, फळ्यावर तारीख आणि वार लिहायचं. प्रश्न नाहीत, टाळ्या नाहीत. आठवडाभरानं शेजारच्या बाकावरच्या एका मुलाला खडू आणून द्यायला सांगा, रोज तोच मुलगा. मग महिन्यानं त्या मुलानं तारीख लिहायची आणि ह्यानं वार.